मृत्युपत्र बदलायचंय: पुरवणी जोडू की नवीनच करू?

मृत्युपत्र एकदा केलं की सुटलो असं मलाही वाटायचं. मग आठ-नऊ वर्षं जातात, त्यात लिहिलेली एफडी कधीच मोडलेली असते, एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे आपल्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा म्हणून, ज्या मित्राचं नाव घातलं तोच आपल्या आधी गेलेला असतो, आणि कपाटातला तो कागद बघून वाटतं की हे आता कुणाचं मृत्युपत्र आहे. तर प्रश्न हा की आहे त्यालाच पुरवणी जोडायची, म्हणजे वकील ज्याला कोडिसिल म्हणतात ते, की जुनं रद्द करून नवीनच करायचं. मी दोन्ही केलंय, आधी पुरवणी आणि मग वर्षभरात वैतागून नवीन. मी वकील नाही, आणि खालचं सगळं भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी आहे, मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वसीयतीचे नियम वेगळे आहेत.

आधी तिसरा पर्याय निकालात काढतो, कारण तो सगळ्यांच्या मनात येतोच. पेनाने खोडून वर नवीन नाव लिहायचं. कलम ७१ प्रमाणे अशा खाडाखोडीला मृत्युपत्रासारखीच तुमची आणि साक्षीदारांची सही शेजारी लागते, नाहीतर ती केली नाही असंच धरतात, म्हणजे खोडलेलं नाव वाचता येत असेल तर ते तसंच कायम. नका करू.

आता पुरवणी. तिची बाजू अगदीच लंगडी नाहीये. दोन ओळींचा बदल असेल, एक्झिक्युटर बदलायचाय किंवा नव्या खात्याची भर घालायचीय, तर अख्खं दहा पानी प्रकरण परत टाइप करायचं जिवावर येतं. आणि एक मुद्दा असा आहे की ज्याला माझ्याकडेही नीट उत्तर नाही. समजा पहिलं मृत्युपत्र धडधाकट असताना केलंय आणि आता वय झालंय, आजारपण चालू आहे, तर उद्या कुणी कोर्टात म्हणू शकतं की सही करताना यांना समजत तरी होतं का. पुरवणी उडाली तर तेवढा बदल उडतो, मूळ कागद शाबूत राहतो. नवीन मृत्युपत्र उडालं आणि जुनं तुम्ही आधीच फाडून बसलात तर मोठी पंचाईत, मग कदाचित मृत्युपत्र नसल्यासारखंच वारसाहक्काने वाटप. अशा परिस्थितीत मी पुरवणीवाल्याशी वाद घालणार नाही.

पण मेहनत वाचते म्हणतात ते मला तरी पटलं नाही. सही तशीच, दोन साक्षीदार तसेच, आणि दोघांनी एकतर तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं किंवा ही माझीच सही असं तुम्ही त्यांना स्वतः सांगितलेलं हवं. दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत असं नाही, पण मी एकदमच बोलावले. म्हणजे मूळ मृत्युपत्राचे दोन आणि पुरवणीचे दोन असे चार जण झाले, आणि वेळ आली तर कोर्टात दोन्ही कागद सिद्ध करायला साक्षीदार शोधत फिरायचं ते घरच्यांनी.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला खटकलं ते वेगळंच. पहिल्या मृत्युपत्रात मी बहिणीच्या मुलाला एक ठरावीक रक्कम ठेवली होती. पुढे त्याचं छान मार्गी लागलं आणि इकडे धाकट्या मुलीला गरज जास्त झाली, म्हणून पुरवणीत वकिलांच्या भाषेत लिहिलं गेलं की "परिच्छेद ४ अन्वये माझ्या भाच्यास देऊ केलेली रक्कम मी याद्वारे रद्द करीत आहे व ती माझ्या धाकट्या मुलीस देत आहे." सही-बिही झाली. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, मी नाहीये असं समज आणि वाच बघू समजतंय का. तिने दोन्ही कागद पलंगावर शेजारी शेजारी ठेवले, एक बोट परिच्छेद ४ वर, एक बोट पुरवणीवर, दोनदा इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, म्हणजे आधी त्याला दिलं होतं आणि मग काढून घेतलं, हे त्याला पण वाचायला मिळणार?"

मिळणारच. पुरवणी हा मृत्युपत्राचाच भाग धरतात, दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही, त्यामुळे जुना कागद लपवायची सोयच नाही. किती दिलं होतं, कधी काढलं, कुणाला दिलं, सगळं तारखेनिशी. राग नाही, भांडण नाही, आणि तरी कागदावर तसंच दिसणार, आणि समजावून सांगायला मी नसणार. नंतर बरेच दिवस ते "रद्द करीत आहे" डोक्यातून जाईना.

म्हणून नवीन केलं. त्यात सुरुवातीलाच एक वाक्य पाहिजे की याआधीची सगळी मृत्युपत्रं आणि पुरवण्या मी रद्द करतो. ते राहिलं तर जुन्यातला जो भाग नव्याच्या आड येत नाही तो जिवंत राहू शकतो आणि मग गोंधळ. नव्यावर सह्या झाल्यावर मग जुनं मी स्वतः फाडलं, मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे. कलम ७० प्रमाणे फाडणं किंवा जाळणं तुम्ही स्वतः किंवा तुमच्यासमोर तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्याने, आणि तेही रद्द करायच्या इराद्याने व्हायला हवं, पाठीमागे कुणी फाडलं तर मृत्युपत्र रद्द होत नाही. आणि हे लक्षात असू द्या की उद्या नवीनही फाडलं म्हणून जुनं आपोआप परत लागू होत नाही, त्यासाठी परत सही-साक्षीदार सगळं आलं.

माझं जुनं रजिस्टर केलेलं नव्हतं म्हणून हे जमलं हेही सांगायला हवं. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदणी केलेलं मृत्युपत्र नोंदणी न केलेल्या नव्या मृत्युपत्रानेही रद्द होतं, पण रजिस्ट्रारकडच्या वहीतली नक्कल काही फाडता येत नाही. तुम्ही असेपर्यंत ती फक्त तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला मिळते, नंतर मात्र जो अर्ज करेल त्याला. म्हणजे तुमचं आधीचं रजिस्टर असेल तर माझं निम्मं कारण गळालं. तरी माझ्या मते निदान ते मुद्दाम शोधावं लागेल, पुरवणीत ते आपण स्वतःच त्यांच्या हातात देतो.

भाचा परवाच येऊन गेला, माझ्या फोनमधलं काहीतरी तासभर बसून नीट करून दिलं. जाताना बायकोने माझ्याकडे बघितलं, मी फोनकडे.