डीडीआर५ सर्व्हर रॅम : एक पावसाळा काढल्यानंतर

फोंड्यातल्या आमच्या ऑफिसात पतसंस्थांचे डेटाबेस चालतात. ३२०० वेगाची (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम असलेले दोन जुने सर्व्हर बंद करून त्यांचं काम एका नव्या मशीनवर आणलं. त्यात ४८०० वेगाच्या डीडीआर५ आरडिम (सर्व्हरसाठीच्या रॅमच्या पट्ट्या, म्हणजे मॉड्यूल) आहेत, सीपीयू आणि रॅममधल्या आठही चॅनेलवर, म्हणजे वाटांवर, एकेक. पावसाळा आणि चवथीआधीची झुंबड काढून मगच हे लिहितोय.

काउंटरवर एखाद्याचा खातेउतारा काढताना फरक कळत नाही. लेटन्सी, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ, नॅनोसेकंदात जवळपास पूर्वीइतकीच आहे. खरी मजा व्याज आकारणीच्या रात्री. सीपीयूचे सगळे कोअर एकदम खाती वाचायला लागतात, तेव्हा प्रत्येक मॉड्यूलचे दोन स्वतंत्र सबचॅनेल कामी येतात. एका मॉड्यूलची कमाल बँडविड्थ (डेटा वाहण्याची क्षमता) सेकंदाला २५.६ जीबीवरून ३८.४ जीबीवर गेली आहे. सीपीयूही नवा आहे, म्हणून मुद्दाम चार मॉड्यूल काढून तेच काम चालवलं. डेटाबेस निम्म्या रॅममध्येही आरामात मावत होता, तरी काम चांगलंच रेंगाळलं.

विजेचं काय? व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आलं, पण वेग दीडपट झाला. त्यामुळे मॉड्यूलमागे मोठी बचत धरू नका. शिवाय पीएमआयसी, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणारी चिप, आता मॉड्यूलवरच बसते, १२ व्होल्ट घेऊन तिथेच खाली उतरवते. म्हणजे तिची उष्णताही रॅमपाशीच. एसी बंद पडला की पंखे लगेच घोंघावू लागतात. रॅम ८५ अंशांवर गेली की रिफ्रेश (डेटा टिकावा म्हणून रॅम पुन्हा पुन्हा भरणं) दुप्पट करावा लागतो, वेग आणि वीज दोन्ही जातात. हवा खेळती ठेवाच. आमचं बिल उतरलं ते दोनाचं एक मशीन झालं म्हणून. वीज गेल्यावर यूपीएसही आता जास्त वेळ तग धरतो, आणि आमच्याकडच्या जून-जुलैत मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे सीपीयू आणि रॅमचा मेळ बसवायला, काही मिनिटं लागतात. स्क्रीन काळीच राहते. घाबरून बटण दाबू नका.

कोटेशन मागवताना २५६ जीबीसाठी ६४ च्या चार नव्हे, ३२ च्या आठ मागा. चारात निम्मे चॅनेल रिकामे राहतात. पुढे वाढवायचं म्हणून एका चॅनेलवर दोन लावल्या, तर आमच्या पिढीच्या झिऑनवर (इंटेलच्या सर्व्हर सीपीयूवर) वेग ४४०० वर येतो. आणि ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी (डेटातल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय) असतेच’ असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. ती फक्त रॅमच्या चिपच्या आतली दुरुस्ती. सर्व्हरला ईसीसी आरडिमच हवी. साधी डेस्कटॉपची रॅम, म्हणजे यूडिम, आरडिमच्या स्लॉटात बसतही नाही.