पहिलीचा प्रवेश: जिल्हा परिषद की खासगी? कुठे पालकाचं ऐकून घेतात?

प्रवेशाच्या दिवसांत फी, इमारत, बस यांची चौकशी सगळेच करतात. शाळा पालकांशी कशी वागते, हे मात्र वर्ग सुरू झाल्यावर कळतं. जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि जवळची खासगी इंग्रजी शाळा यांतून निवडायचं असेल, तर हेही आधीच बघून घ्या.

निरोप पोचवण्यात खासगी शाळा पुढे आहे, यात वाद नाही. गृहपाठ, सुट्टी, फीची तारीख, सगळं ॲपवर येतं आणि तारखेनिशी राहतं. अडचण येते ती आपल्याला काही सांगायचं असतं तेव्हा. बऱ्याच ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतो. बाईंना भेटायचं तर गेटवरच्या वहीत नाव लिहून थांबा. डायरीत इंग्रजीतून दोन ओळींचा शेरा येतो, आई तो शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून वाचून घेते. लेकराची तक्रार आईच्या आधी शेजाऱ्यांना कळते. मला हे फार लागतं. शेरा मराठीत लिहिला तर काय बिघडतं?

आणि प्रवेशाच्या वेळी आई-वडिलांचीच मुलाखत घेत असतील, तर सावध व्हा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत निरोप बहुधा मुलाच्या तोंडी येतो आणि कधी कधी वाटेतच राहतो. पण गुरुजी बाजारात भेटतात, तिथेच विचारता येतं. पोर चार दिवस दिसलं नाही, तर चांगले गुरुजी घरी डोकावतात. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ अभियानात तर पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले गेले. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला मोजायला, वेगळं करायला लावायचं, असं ते काम. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही जमणारं. उणीव एकच, पण मोठी: गुरुजींची बदली झाली की पुन्हा नव्यानं ओळख.

हक्काचं म्हणाल तर कायदा दोन्हीकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, समितीत निम्म्या महिला. खासगी शाळेत 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ बंधनकारक आहे आणि फीवाढीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. पण समिती कागदावरही असू शकते, घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या की झालं.

दोघंही नोकरीवर असाल, इंग्रजीची अडचण नसेल आणि सगळं लेखी हवं असेल, तर खासगी शाळा सोयीची. रोजंदारी असेल किंवा इंग्रजी कागदापुढे अवघडल्यासारखं होत असेल, तर मी जिल्हा परिषदेची शाळाच सुचवेन, फक्त गुरुजी टिकून आहेत का हे विचारा. पालकसभा मात्र दोन्हीकडे भर कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात. मजुरी बुडवून आलेल्या बापाला वर पुन्हा ‘पालकांना रसच नाही’ हे ऐकावं लागतं.

ठरवण्याआधी दोन्ही शाळांत शाळा सुटायच्या वेळी न कळवता जा. आत घेतात का, बसायला सांगतात का, बघा. मग मागच्या पालकसभेचं इतिवृत्त मागा आणि त्यात पालकांनी काय विचारलं, ते लिहिलंय का हे वाचा.