नागपुरात घरून काम: खोलीत कूलर लावावा की एसी?

खुर्ची-टेबलावर कितीही खर्च केला, तरी नागपुरात एप्रिल ते जूनमध्ये दुपारी दोननंतर डोकं चालतं की नाही हे खोलीतल्या गारव्यावर ठरतं. बजेट मोजकं असेल तर आधी याचा निकाल लावा.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, आणि कूलरची सगळी मदार त्यावरच आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापट नऊ दिवसांत, बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली, की पूर्ण भिजलेल्या ताट्यांमधून (कूलरच्या जाळीतल्या ओल्या पडद्यांमधून) 29-30 अंशांची हवा आत येते. मुंबईत हे शक्यच नाही. पाऊस लागल्यावर मात्र हाच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि अंग चिकचिकीत करतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

‘कूलर गार करत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा बंद दार असतं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा. तसं केलं नाही, तर तासाभरात खोली दमट होते, कागद मऊ पडतात आणि घाम वाळत नाही. 10 बाय 12 फुटांच्या खोलीला तासाला 2000 ते 2500 घनमीटर हवा देणारा कूलर पुरतो. झोत टेबलाच्या बाजूने जाऊ द्या, कारण पाण्याचा प्रवाह जास्त असला की थेंब उडतात आणि ते लॅपटॉपवर नकोत.

कूलरची खरी अडचण आवाजाची. दिवसातून तीन-चार तास कॉलवर बोलायचं असेल, तर मोठ्या कूलरची घरघर समोरच्याला ऐकू जाते. तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट आणि पंख्याचा कमी वेग, एवढ्याने बरंच भागतं. पण शिकवणी किंवा रेकॉर्डिंगचं काम असेल तर सरळ एसी घ्या.

विजेचा फरक मोठा आहे. 200 वॅटचा कूलर रोज नऊ तास, महिन्याला 26 दिवस चालवला तर साधारण 47 युनिट होतात. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी 700 वॅट घेतो असं धरलं, तर 164. महावितरणचे दर 100 आणि 300 युनिटला पायरी चढतात, त्यामुळे घरातला बाकीचा वापर धरून 300 ओलांडले की वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. शिवाय वीज गेली तर 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कूलर, लॅपटॉप आणि राउटर मिळून साधारण चार तास निघतात; घरगुती इन्व्हर्टरवर एसीचा विचारच करू नका.

पण कूलरला माणूस लागतो. भर दुपारी तो तासाला दहा ते वीस लिटर पाणी पितो. बोअरच्या जड पाण्याने ताट्यांवर क्षार चढून हवा अडते. म्हणून शक्यतो नळाचं पाणी भरा आणि वुडवूलच्या (लाकडाच्या किसाच्या) ताट्या दर हंगामात बदला. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. लोखंडी कूलरच्या पंपातून करंट उतरून माणसं दगावतात. अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

एसी घ्यायचा ठरला, तर 120 चौरस फुटांना एक टन पुरतो. खोली गच्चीच्या स्लॅबखाली आणि भिंत पश्चिमेची असेल तर दीड टन घ्या. दीड टनाला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची वायर ओढा. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीवर, नाहीतर शेडखाली बसवा. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 वर गेला होता. तापल्या भिंतीवर उन्हातलं युनिट अशा दुपारी ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. एसी 26 वर ठेवून छताचा पंखा मंद चालवा आणि फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा.

बाहेरच्या बाजूला खिडकी असेल, पाण्याची सोय असेल आणि कॉल कमी असतील, तर कूलरच घ्या. दिवसभर मीटिंगा असतील किंवा खोलीला बाहेर उघडणारी खिडकीच नसेल, तर एसी. घरात दोन्ही असतील तर एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका: कूलरने आत आणलेली वाफ काढण्यातच एसीची ताकद खर्ची पडते आणि बिल तेवढं वाढतं.