क्रॉसमन २२४० आणि बाहेरचे सुटे भाग: पैसे कुठे लावावेत, कुठे राखावेत

क्रॉसमन २२४० हे एअर पिस्तूल घेणाऱ्यांपैकी अनेक जण ते जसेच्या तसे फार काळ ठेवत नाहीत आणि याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या कॅप्सूलवर चालणारे हे पिस्तूल ५.५ मिमीचा एकच छर्रा घेते. प्रत्येक वेळी बोल्ट मागे ओढावा लागतो, छर्रा हाताने बसवावा लागतो आणि बोल्ट पुन्हा बंद करावा लागतो. आत गुंतागुंतीचे फारसे काही नाही. एक सरळ धातूची ट्यूब, तिच्यात व्हॉल्व्ह आणि त्यावर आदळून वायू सोडणारा हातोडा, वर ब्रीच (छर्रा जिथे बसवतात तो भाग) आणि ७.२५ इंचांची नळी, खाली मूठ आणि चाप, एवढाच सारा पसारा आहे. याच कंपनीच्या १३७७ आणि १३२२ या हातपंपाच्या पिस्तुलांची आणि २३०० मालिकेची घडण याच कुळातली असल्यामुळे बरेच भाग एकमेकांना चालतात, आणि म्हणूनच या स्वस्त पिस्तुलासाठी बाहेरच्या कारागिरांनी व लहान कारखान्यांनी सुट्या भागांची मोठी बाजारपेठ उभी केली आहे.

या विपुलतेतच धोका आहे, कारण भाग घेत राहिले की त्यांचा एकूण खर्च मूळ पिस्तुलाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो आणि तेवढ्या पैशांत मुळातच चांगले पिस्तूल आले असते, हे नंतर लक्षात येते. म्हणून मी सुरुवातीलाच दोन बंधने घालून घेतली. सर्व सुधारणांचा खर्च पिस्तुलाच्या किमतीएवढाच राहील, हे पहिले. आणि एका वेळी एकच भाग बदलून त्याचा परिणाम कागदावर मोजल्याशिवाय पुढचा भाग मागवायचा नाही, हे दुसरे. दुसरे बंधन पाळणे अधिक कठीण गेले, पण पैसे वाचले ते त्यामुळेच.

मोजणीसाठी १० मीटर अंतर, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवलेले आणि प्रत्येक टप्प्यावर पाच-पाच छऱ्यांचे दहा गट, अशी पद्धत ठेवली. गट म्हणजे त्या पाच छिद्रांचा कागदावरचा पसारा; तो जितका लहान, तितकी अचूकता जास्त. कोऱ्या पिस्तुलातून हाताशी आलेले छर्रे मारले तेव्हा गटाची सरासरी रुंदी ३२ मिमीच्या आसपास आली. १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेच्या निशाण्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे आणि नऊचे २७.५ मिमीचे असते, हे लक्षात घेतले तर हा पसारा किती मोठा आहे याची कल्पना येईल. (ती स्पर्धा ४.५ मिमीच्या पिस्तुलांची आहे. हे पिस्तूल तिच्यासाठी नाही, पण तुलनेला तोच कागद सोयीचा पडतो.)

पहिली सुधारणा कोणत्याही सुट्या भागाशिवाय झाली. चार निरनिराळे छर्रे आळीपाळीने मारून पाहिले, तेव्हा १४.३ ग्रेनचा, म्हणजे सुमारे ०.९३ ग्रॅमचा, गोल डोक्याचा छर्रा या नळीला मानवला आणि गट २४ मिमीवर आला. छऱ्याचे डोके नळीतील आट्यांत (छऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांत) किती घट्ट आणि किती सारखे बसते, यावर बरेच काही अवलंबून असते आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. म्हणून जो कोणी हे पिस्तूल घेईल त्याने पहिला पैसा छऱ्यांच्या तीन-चार डब्यांवर लावावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता ब्रीचकडे येतो, कारण या पिस्तुलाचा खरा कच्चा दुवा तोच आहे. मूळ ब्रीच प्लास्टिकचे आहे. नळी त्याच्यातच धरलेली असते, त्यामुळे ब्रीच किंचित जरी वाकले किंवा हलले तरी नळीची दिशा बदलते, आणि १० मीटरवर ही नगण्य हालचालसुद्धा कागदावर स्पष्ट दिसते. शिवाय त्यावर दुर्बीण किंवा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारे भिंग) बसवण्यासाठी खाच नाही. स्टीलचे ब्रीच घेतले की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. ते ताठ असते आणि त्याच्या माथ्यावर ११ मिमीची खाच असते. मागवताना ते ५.५ मिमीसाठीच आहे ना, हे नीट वाचून घ्यावे, कारण सोबत येणारा बोल्ट छऱ्याच्या मापानुसार वेगळा असतो आणि ४.५ मिमीचा संच चुकून आला तर तो इथे निरुपयोगी आहे.

बसवण्याचे काम घरच्या टेबलावर तासाभरात होते, मात्र घाई केली तर बिघडते. कॅप्सूल काढलेले आहे, आत दाब शिल्लक नाही आणि नळीत छर्रा नाही, याची खात्री करूनच पहिला स्क्रू सैल करावा. व्हॉल्व्हमधला वायू ज्या लहानशा नळकांड्यातून नळीत जातो ते ट्रान्सफर पोर्ट ब्रीच उचलताना निसटते, म्हणून खाली पांढरे कापड पसरलेले असावे. छर्रा ठेवण्याच्या पन्हाळीत जो बारीक स्क्रू असतो त्याचे डोके फार नाजूक आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात बोथट झालेल्या अॅलन कीमुळे ते खरवडले गेले आणि दुसरा स्क्रू मिळेपर्यंत पिस्तूल तसेच पडून राहिले. दोष स्क्रूचा नव्हता, माझ्या हत्याराचा होता. नळीचे छिद्र आणि ट्रान्सफर पोर्ट अगदी समोरासमोर आले पाहिजेत. तिथे थोडीही तिरपाई राहिली तर वायू बाजूने फुटतो आणि छऱ्याचा वेग प्रत्येक वेळी वेगळा येतो. सगळे जुळल्यावर नळी धरणारा स्क्रू बेताने आवळावा, कारण जास्त जोर लावला तर नळीवर दाब पडतो.

स्टीलचे ब्रीच आणि त्यावर एक साधा रेड डॉट, एवढ्या बदलाने टेकवून मारलेला गट १७ मिमीवर आला. यातला किती वाटा ब्रीचचा आणि किती रेड डॉटचा, हे मला पूर्णपणे वेगळे करता आले नाही, कारण मूळ मागची साइट (नेम धरायची खाच) काढल्यावर उघड्या साइटने तुलना करणे शक्य नव्हते. तरीही एकूण खर्चापैकी निम्म्याहून जास्त रक्कम या टप्प्यावर गेली आणि तिच्याबद्दल मला कोणतीही खंत नाही.

चापाच्या बाबतीत मात्र वेगळा धडा मिळाला. मूळ चाप जड आहे, त्याची ओढ लांब आहे, आणि हातोडा सुटल्यावरही चाप मागे जात राहतो, त्यामुळे नेमक्या त्या क्षणी मनगट हलते. सिअरची (हातोडा अडवून धरणाऱ्या खिटीची) स्प्रिंग हलकी घातली आणि अरुंद चापावर रुंद पट्टी चढवली. ही दोन्ही अगदी स्वस्त कामे आहेत. टेकवून मारलेल्या गटात यामुळे काहीच फरक पडला नाही. १७ मिमी ते १७ मिमीच राहिले. पण उभे राहून, एका हाताने मारलेल्या गटांत जो फरक पडला तो साऱ्या बदलांत मोठा होता. पिस्तुलाची अचूकता आणि माणसाची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पिशवीवरची मोजणी फक्त पहिलीच दाखवते, हे मला इथे नीट कळले. चाप हलका करण्याला मर्यादा हवी. स्पर्धेच्या एअर पिस्तुलांनासुद्धा किमान ५०० ग्रॅम ओढीचा नियम आहे आणि घरी बदललेला चाप याहून बराच जड ठेवावा. सिअरचे टोक कानशीने घासून ओढ कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी मानला नाही, कारण घासलेला धातू परत येत नाही आणि धक्क्याने आपोआप सुटणारे पिस्तूल कोणाच्याच हाती असू नये. बदल केल्यावर रिकामे पिस्तूल ताणून रबरी हातोडीने हलके ठोकून पाहावे. आतला हातोडा सुटला तर मूळ स्प्रिंग परत घालावी.

मुठीचे लाकडी पट्टे दिसायला सुंदर असतात. माझ्या हाताला मूळ मूठच पुरेशी वाटली, तेव्हा ते घेतले नाहीत.

लांब नळीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण नवा माणूस सर्वांत आधी तिच्याच मोहात पडतो. कार्बन डायऑक्साइड नळीत पसरत असताना छऱ्याला ढकलत राहतो, म्हणून १४.६ इंचांच्या नळीतून वेग वाढतो, हे खरे आहे. एका मित्राची नळी मागून घेऊन ती लावून पाहिली. आवाज कमी झाला, छर्रा कागदाच्या मागच्या फळीत अधिक खोल गेला, पण १० मीटरवरचा गट तेवढाच राहिला. पिस्तुलाचा तोल पुढे गेला आणि एका हाताने धरणे जिकिरीचे झाले. याहून गंभीर मुद्दा कायद्याचा आहे. कंपनीने सांगितलेला कमाल वेग ४६० फूट प्रतिसेकंद आहे; १४.३ ग्रेनच्या छऱ्याला तो गाठता आला तर ऊर्जा सुमारे ९ जूल होते. ब्रिटनमध्ये एअर पिस्तुलाची मर्यादा ६ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ८.१ जूल आहे, तर जर्मनीत विनापरवाना मर्यादा ७.५ जूल आहे. म्हणजे मूळ पिस्तूलच या मर्यादांच्या आसपास आहे, आणि केवळ नळी बदलल्यामुळे ते कायद्याच्या दुसऱ्याच वर्गात जाऊ शकते. खांद्याला लावायचा दस्ता जोडतानाही हीच काळजी घ्यावी आणि आपल्या देशाचा नियम भाग मागवण्याआधी पाहावा.

शेवटी मोजणीविषयी एक सूचना. या वायूचा दाब तापमानावर चालतो. २० अंशांना तो सुमारे ५७ बार असतो आणि शून्य अंशाला ३५ बारच्या जवळ उतरतो. भराभर मारत गेले की आतला द्रव वायू होताना थंड पडतो आणि छर्रे हळूहळू खाली लागू लागतात. दोन छऱ्यांमध्ये अर्धा मिनिट थांबले, तर हा दोष बहुतांशी जातो. एका कॅप्सूलमध्ये मला सुमारे ४० चांगले छर्रे मिळतात. प्रत्येक नव्या कॅप्सूलच्या टोकाला पेलगन ऑइलचा (एअरगनसाठीच्या तेलाचा) एक थेंब लावल्याने रबरी सील टिकतात, आणि माझे मूळ सील अजूनही गळत नाहीत. ठरवलेल्या रकमेतून जे थोडे उरले होते, त्यातून सील आणि ओ-रिंगचा एक जादा संच घेऊन ठेवला आहे.