कोड न येणाऱ्यांनी लिबरऑफिसच्या मार्केटिंगमध्ये जावं का?

मी सांगलीत जाहिराती लिहिते. साड्यांची दुकानं, क्लासेस, पतसंस्था, जे येईल ते. प्रोग्रॅमिंगशी संबंध शून्य. तरी गेल्या मे महिन्यात लिबरऑफिसच्या, म्हणजे स्वयंसेवकांच्या मदतीने चालणाऱ्या, वर्ड-एक्सेलसारख्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या मार्केटिंगला स्वयंसेवक म्हणून हात लावायला गेले. नव्या माणसाला ही मंडळी कशी आत घेतात, तेवढ्यापुरता हा रिव्ह्यू. सॉफ्टवेअर कसं आहे ते इथे विचारू नका. माझी बिलं त्यातल्या कॅल्कमध्येच (एक्सेलसारखा भाग) होतात, म्हणजे मी तशी पक्षपातीच.

मे मुद्दाम निवडला. मे आणि नोव्हेंबर हे त्यांचे ‘मंथ ऑफ लिबरऑफिस’चे महिने. कुणी भाषांतर करतं, कुणी सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) तपासतं, कुणी अडलेल्यांना उत्तरं देतं, कुणी सोशल मीडियावर प्रचार करतं. स्टिकरचं पाकीट सगळ्यांना. धंद्याच्या नजरेने सांगते, योजना हुशार आहे. खर्च किरकोळ, आणि पोस्टर करणारी बाई नि कोड लिहिणारा इंजिनिअर एकाच रांगेत.

आत शिरताना मुलाखत नाही, अनुभवाचा दाखला नाही. आपण कोण, काय जमतं, एवढं सांगायचं. उलट प्रश्न आला तो कामाचाच : तुझ्या भागात कुणापर्यंत पोहोचायचंय? हे मला फार आवडलं. स्वागताचे हारतुरे कमी, काम लगेच. मी शाळांच्या ऑफिससाठी रायटरची (वर्डसारखा भाग) ओळख करून देणारं एक पानी मराठी पत्रक लिहायला घेतलं.

खरी गंमत पत्रक लिहायला बसल्यावर. इथे दाखवलं तर पहिला प्रश्न हाच, “म्हणजे ते ओपनऑफिसच ना?” मग इतिहास वाचावाच लागतो. ओपनऑफिस हे असंच जुनं फुकट सॉफ्टवेअर, सन कंपनीचं. ती कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर ओपनऑफिसच्या बऱ्याच मंडळींनी 28 सप्टेंबर 2010 रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेची घोषणा केली, आणि त्यातूनच लिबरऑफिस वेगळं झालं. 2011 मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे या दुसऱ्या सॉफ्टवेअर संस्थेला देऊन टाकलं. तिकडे 4.1 ही शेवटची मोठी आवृत्ती, 2014 ची. इकडे दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये नवी. तरी जुन्या नावाचा दबदबा इतका, की ऑक्टोबर 2020 मध्ये फाउंडेशनने अपाचेवाल्यांना जाहीर पत्र लिहून विनवलं, तुमच्या वापरकर्त्यांना आमच्याबद्दल निदान सांगा तरी!

त्याच वर्षी लिबरऑफिस 7.0 च्या चाचणी आवृत्तीवर ‘पर्सनल एडिशन’ असं लेबल लागलं होतं. कंपन्यांनी पैसे मोजून सपोर्ट घ्यावा, हा हेतू. पण आता फुकट मिळणार नाही की काय, अशी धास्ती पसरली आणि ऑगस्टच्या अंतिम आवृत्तीतून लेबल निघालं. 7.1 वर ‘कम्युनिटी’ आलं. दोन शब्दांच्या लेबलवरून एवढं रामायण! जाहिरातवाल्यांना हे नवं नाही, पण नवख्या स्वयंसेवकाला हे ठाऊक नसेल तर तो उत्साहात भलतंच छापून मोकळा होईल. माझ्या हाती असतं, तर स्टिकरच्या आधी ही हकीकत दोन पानांत लिहून प्रत्येकाच्या हातात ठेवली असती.

इंग्रजी वाचायची-लिहायची तयारी हवी. मध्य युरोपातली माणसं आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. सकाळी विचारलंत तर उत्तराची वाट दुपारनंतर पाहा. बॉस पाठीशी लागत नाही, त्यामुळे ढकलल्याशिवाय काम न करणाऱ्यांनी जाऊच नये. सर्टिफिकेटसाठी धावणाऱ्या कॉलेजच्या पोरांनीही नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो त्या दोन पानांसाठी.

मे हुकला असेल तर नोव्हेंबर आहे. पत्ता इंग्रजीत, पिनकोडसकट द्या. स्टिकर परदेशातून पोस्टाने येतात.