क्रिटा ५.२चे लेयर : काय उत्तम जमतं आणि कुठे अडतं

क्रिटा हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून त्यातले लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, कामचलाऊ असतील असं बरेच जण धरून चालतात. तसं अजिबात नाही. चित्रकाराला रंगवताना ज्या सोयी लागतात, त्यांतल्या काही इथे फोटोशॉपपेक्षाही जास्त विचार करून दिल्या आहेत. पण फोटोशॉपची सवय घेऊन इथे आलात तर पहिल्याच तासात सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटू लागतं. याचं कारण एकच आहे. क्रिटा सगळा हिशेब गटावर, म्हणजे ग्रुप लेयरवर मांडतं. गट नीट बांधले तर कामाचा निम्मा त्रास संपतो आणि नाही बांधले तर प्रत्येक पायरीवर काहीतरी अडतं.

उदाहरणासाठी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला शोभेल असं चित्र घेऊ: हातात निरांजन घेतलेली नऊवारीतली बाई, मागे वाड्याचा दिंडी दरवाजा. ए-फोर आकार, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी जादा कड, आणि ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. म्हणजे कॅनव्हास २५५१ × ३५७९ पिक्सेलचा. ब्लीड पहिल्यापासूनच धरा. शेवटी कॅनव्हास वाढवला तर पार्श्वभूमीचा प्रत्येक लेयर कडेपर्यंत पुन्हा रंगवावा लागतो.

नवी फाइल उघडताना ‘कंटेंट’ नावाचा टॅब असतो आणि बहुतेक जण तो न बघताच पुढे जातात. तिथे पार्श्वभूमीचा रंग वेगळा लेयर म्हणून ठेवायचा की कॅनव्हासचा रंग म्हणून, हे विचारलेलं असतं. कॅनव्हासचा रंग निवडा. कशासाठी, ते लगेच कळेल.

साडीचा सपाट रंग एका लेयरवर भरला, वर सावलीसाठी नवा लेयर घेतला आणि सावली साडीच्या बाहेर जाऊ नये म्हणून त्याचं अल्फाचं (पारदर्शकतेचं) चिन्ह दाबलं. हेच ते इनहेरिट अल्फा. फोटोशॉप किंवा क्लिप स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरांत क्लिपिंग केलेला लेयर त्याच्या खालच्या बेस लेयरच्या आकारात कापला जातो. क्रिटात तो त्या गटातल्या खालच्या सगळ्या लेयरच्या एकत्रित आकारात कापला जातो. सगळ्यांत खाली पांढरा भरलेला लेयर असेल, तर एकत्रित आकार म्हणजे अख्खं पान. मग चिन्ह दाबूनही काहीच घडत नाही. लोक चिडतात ते इथेच.

उपाय साधा आहे. साडीचा सपाट रंग आणि त्याच्या वरचं सगळं एका गटात घाला. सपाट रंगाचा लेयर निवडून कंट्रोल + शिफ्ट + जी दाबलं की क्रिटा गट बनवून त्यात अल्फा लावलेला नवा लेयर स्वतःच ठेवतं. या एका शॉर्टकटने क्लिपिंगबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतात. गटात सगळ्यांत खाली सपाट रंग, त्यावर बुट्टे, मग सावली, मग उजेड. खालचा लेयर सोडून सगळ्यांवर अल्फाचं चिन्ह चालू हवं. एक जरी सुटला आणि त्यावर काठ रंगवताना ब्रश साडीबाहेर गेला, तर त्याच्या वरची सावलीही तेवढीच बाहेर पसरते. सावली का ओघळतेय हे शोधायचं असेल तर आधी खालच्या लेयरची चिन्हं तपासा.

याच ओळीत अल्फा लॉकचं चौकटीचं चिन्हही आहे आणि दोघांत गल्लत होते. अल्फा लॉक म्हणजे त्याच लेयरवर आधी जिथे रंग आहे तिथेच ब्रश उमटणार. काळ्या रेषांना नाकाजवळ तपकिरी आणि काठाजवळ गडद जांभळी करायची असेल तर ते उत्तम. सावलीसाठी मात्र ते वापरू नका. मूळ सपाट रंग कायमचा झाकला जातो आणि संपादकांनी साडी हिरवी करा म्हटलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आता मल्टिप्लायकडे येऊ, म्हणजे लेयरचा रंग खालच्या रंगाशी गुणून गडद करणाऱ्या मिसळण्याच्या मोडकडे. सावलीसाठी सगळे तोच मोड लावतात आणि सगळ्यांचीच सावली हळूहळू काळवंडत जाते. का, ते आकड्यांत बघा. साडीच्या रंगाचा एक चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतला एक घटक, ० ते २५५च्या मापात २०० आहे. सावलीच्या लेयरवर १२८चा रंग लावला. गुणाकार करून २५५ने भागलं की पडद्यावर दिसतात १००. आता सावली थोडी वाढवायची म्हणून कंट्रोल दाबून पडद्यावरचा रंग उचलला. क्रिटा नेहमीप्रमाणे सगळे लेयर मिळून दिसणारा रंग उचलतं, म्हणजे १००. तो त्याच मल्टिप्लाय लेयरवर लावला की दिसतात ७८. पुन्हा उचलला की आणखी खाली. ब्रश बदलून किंवा अपारदर्शकता कमी करून हे सुटत नाही. मल्टिप्लाय लेयरवर काम करताना कंट्रोल + ऑल्ट धरून रंग उचला. मग फक्त चालू लेयरवरचा रंग येतो, म्हणजे १२८च.

सावलीसाठी करडा रंगही नको. करड्याने गुणलं की तिन्ही चॅनल सारख्याच प्रमाणात उतरतात आणि पिवळ्या साडीवर मळल्यासारखा डाग दिसतो. फिकट जांभळट किंवा निळसर रंग घ्या, कातडीसाठी थोडा तांबूस. म्हणूनच साडीची सावली आणि चेहऱ्याची सावली वेगवेगळ्या गटांत असावी.

गटांबाबत आणखी एक फरक. फोटोशॉपमध्ये नवा गट पास थ्रू असतो, म्हणजे आतले लेयर गटाखालच्या रंगांतही मिसळतात; क्रिटात तो बंदिस्त असतो. बंदिस्त गटातला मल्टिप्लाय फक्त त्या गटातल्या रंगांशी गुणला जातो. सावलीसाठी हे अगदी हवं तसं आहे. पण निरांजनाचा उजेड ॲडिशन किंवा कलर डॉज या खालचा रंग उजळवणाऱ्या मोडमध्ये निरांजनाच्याच गटात ठेवलात, तर गटातल्या रिकाम्या जागेवर मिसळायला खाली काहीच नसतं आणि ज्योतीभोवती पिवळा गोळा चिकटवल्यासारखा दिसतो. उजेडाचा लेयर सगळ्या गटांच्या वर, मुख्य ओळीत हवा. त्या गटालाच पास थ्रू लावता येतं, पण मग गट नसल्यासारखाच हिशेब होतो, म्हणून ज्या गटात इनहेरिट अल्फा वापरलाय तिथे ते टाळा.

सपाट रंग भरण्यासाठी दोन रस्ते आहेत. फिल टूल वापरणार असाल तर रेषांच्या लेयरला रंगीत लेबल द्या आणि टूलच्या पर्यायांत संदर्भ म्हणून फक्त त्या लेबलचे लेयर निवडा. ‘सगळे लेयर’ निवडलंत तर कागदाचा पोत किंवा कच्चं रेखाटनही सीमा मानलं जातं आणि भरलेला रंग ठिपक्याठिपक्यांचा होतो. ३०० डीपीआयला निवड २-३ पिक्सेल वाढवा, नाहीतर रेषेच्या मऊ कडेलगत पांढरी किनार राहते. छापून आल्यावर ती नजरेत भरते.

दुसरा रस्ता कलराइझ मास्कचा, आणि क्रिटा घ्यावं तर यासाठीच. रेषांचा लेयर निवडून या मास्कचं टूल घ्या, कॅनव्हासवर क्लिक करा, मग प्रत्येक भागात नुसता एक फराटा ओढा: साडीला एक, पदराला एक, कातडीला एक. चित्राबाहेरच्या जागेलाही एक फराटा द्या आणि तो रंग पारदर्शक म्हणून नेमा. अपडेट दाबलं की रंग रेषांपर्यंत स्वतः पसरतात आणि रेषा थोडी तुटलेली असली तरी सहसा बाहेर वाहत नाहीत. संपादन चालू असताना रेषा धूसर दिसतात, त्यात बिघाड काही नाही. रेषांबरोबर मोठे काळे भागही असतील, जसा इथे अंबाडा, तर एज डिटेक्शन (कडा ओळखण्याचा पर्याय) चालू करून त्यात सर्वांत बारीक रेषेची जाडी द्या. नथीतल्या मोत्यांसारख्या बारीक जागी हा मास्क चुकतो. तिथे हाताने रंगवा आणि पुढे चला.

प्रत्येक फराट्यानंतर अपडेट दाबू नका. या आकाराच्या कॅनव्हासवर वाट बघण्यातच वेळ जातो. सगळे फराटे झाले की एकदाच दाबा. मनासारखं झालं की मास्कचा साधा पेंट लेयर करा, रेषांच्या खाली सरकवा आणि लेयर मेनूतल्या स्प्लिट लेयरने प्रत्येक रंगाचा वेगळा लेयर पाडा. मग प्रत्येकावर कंट्रोल + शिफ्ट + जी. मेहनतीचं काम एवढ्यात उरकतं.

फिल्टर लेयर, म्हणजे खालच्या लेयरना हात न लावता त्यांच्यावर परिणाम दाखवणारा लेयर, हीसुद्धा फार कामाची चीज. सगळ्यांत वर रंग काढून टाकणारा, म्हणजे डिसॅच्युरेटचा, फिल्टर लेयर ठेवा आणि मधूनमधून त्याचा डोळा, म्हणजे लेयर दाखवण्या-लपवण्याचं चिन्ह, उघडा. चेहरा आणि मागचा दरवाजा एकाच करडेपणाचे दिसत असतील तर रंग कितीही वेगळे असोत, मुखपृष्ठ लांबून सपाटच दिसणार. तपासून झालं की डोळा बंद करा. उघडा राहिला तर प्रत्येक फटकाऱ्याला क्रिटा तो फिल्टर नव्याने मोजत बसतं.

वेगाबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच आहे. या आकाराचा पूर्ण रंगवलेला ८-बिट लेयर सुमारे ३६-३७ एमबी घेतो, १६-बिट केला की दुप्पट. क्रिटा लेयर ६४ × ६४ पिक्सेलच्या तुकड्यांत साठवतं आणि रिकामे तुकडे जागा घेत नाहीत, त्यामुळे नथीचा लेयर जवळपास फुकटात पडतो. पण प्रत्येक गटाचं एकत्रित चित्र वेगळं साठवलं जातं. गटात गट, त्यात आणखी गट अशी उतरंड रचली की मेमरी तिथे जाते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ८-बिटमध्ये तीसेक लेयर आणि सात-आठ गट ठीक चालतात. ब्लरचे फिल्टर लेयर, लेयर स्टाइल आणि ट्रान्सफॉर्म मास्क उघडे ठेवले तर मात्र चांगली मशीनही अडखळते.

ट्रान्सफॉर्म मास्क ही क्रिटाची सर्वांत हवीहवीशी पण सर्वांत अवघड सोय आहे. हात लहान-मोठा करा, वळवा, मूळ पिक्सेल शाबूत राहतात. पण मास्क लावलेल्या लेयरवर रंगवलं तर ब्रश टेकतो एका जागी आणि रंग उमटतो दुसऱ्या जागी, कारण फटकारा आधी मूळ लेयरवर पडतो आणि मग वळवला जातो. आकार ठरेपर्यंत मास्क ठेवा, ठरला की लेयर पक्का करा, आणि मगच रंगवा.

किमतीचं थोडक्यात: अधिकृत संकेतस्थळावरून फुकट. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे पडतात, सॉफ्टवेअर तेच. अँड्रॉइड टॅबलेटवरही चालतं, पण लेयरची खिडकी आणि ब्रश मिळून पडदा भरून जातो, तेव्हा मोठा टॅबलेट असेल तरच. आयपॅडसाठी क्रिटा नाही. तिथे प्रोक्रिएट आहे, पण त्यात कॅनव्हास वाढला की लेयरची कमाल संख्या घटते. असं ठरावीक बंधन क्रिटात नाही, तुमची रॅम पुरेल तेवढे लेयर.

काम दुसऱ्याला देताना जपा. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, मागितली तर आधी वेगळी प्रत करा आणि त्यात कलराइझ मास्क, ट्रान्सफॉर्म मास्क, क्लोन लेयर, फाइल लेयर सगळे साधे पेंट लेयर करून घ्या. इनहेरिट अल्फाचे गटही एकत्र करून टाका, नाहीतर सावली समोरच्याकडे वेगळीच दिसू शकते. छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, हवे असतील तर लेयर असलेली फाइल थेट बदलू नका, ॲडिशन आणि डॉजचे उजेड तिथे बिघडू शकतात. मूळ फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच ठेवा, सगळे लेयर एकत्र करून सपाट केलेल्या प्रतीचं रूपांतर करा आणि छापखान्याने दिलेलं रंगांचं प्रोफाइलच वापरा. केशरी आणि गर्द निळा पहिल्यांदा मावळतात, म्हणून ज्योतीभोवतीचा भाग पाठवण्याआधी एकदा प्रिंट काढून बघा.