पगाराच्या दिवशीच बाजूला पडणारी बचत: 16 महिन्यांचा अनुभव

वयाच्या 46व्या वर्षी माझी साठवण संपली. जवळच्या नात्यातल्या माणसाच्या कर्जाला मी जामीन राहिले होते. त्याचा धंदा बसला आणि हप्ते माझ्या गळ्यात आले. मुदत ठेवी मोडल्या, शिवाय क्रेडिट कार्डाची थकबाकी उरली.

तेव्हापासून एकच पद्धत वापरतेय: पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळती. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलं नाही, मोबाइलवर ॲपही ठेवलं नाही.

सुरुवात चुकलीच. गेलेलं लवकर भरून काढायच्या घाईत थेट 30 टक्के लावले. तिन्ही महिने वीस तारखेला बँकेत जाऊन पैसे परत काढले. स्लिप भरताना रडू यायचं. मग 10 टक्क्यांवर आले आणि दर दोन महिन्यांनी 1 टक्का वाढवत गेले. आता 16 वर आहे, आणि ओढाताण जाणवत नाही. पन्नाशीकडे झुकताना घाई होतेच, पण झेपेल तेवढ्यानेच सुरू करा.

तारीखही जपून निवडा. मी 1 तारीख दिली होती. एकदा पगार 3 तारखेला आला, व्यवहार फसला आणि बँकेने दंड लावला. आता 5 तारीख आहे.

आधी पंधरा दिवसांच्या खर्चापुरती गंगाजळी केली, मग सगळा जोर कार्डावर. महिना 3.5 टक्के व्याज किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला 51 टक्क्यांच्या वर जातं. कुठलीच ठेव एवढं देत नाही. किमान देय रक्कम भरत राहणं मला फार महागात पडलं. अकराव्या महिन्यात कार्ड फिटलं.

चौदाव्या महिन्यात वॉशिंग मशीनची मोटर जळली. कारागिराने आकडा सांगितला तेव्हा माझा हात सवयीने पर्समधल्या कार्डाकडे गेला, आणि थांबला. पैसे या खात्यातून दिले. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी शांत झोपले.

शिल्लक अजून दीड महिन्याच्या खर्चाएवढीही नाही. सहा महिन्यांची करायची आहे. साठीला 13 वर्षं आहेत. वर्षाला 8 टक्के मिळाले तर 156 मासिक हप्त्यांचे सुमारे 273 हप्त्यांएवढे होतात. हमी नाही, पण हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. दोन महिन्यांनी 17 टक्के करणार आहे.